जुनाच गेम, पुन्हा पैसे: रीमास्टर घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची सुट्टी लागली किंवा एखादा मोठा ऑनलाइन सेल सुरू झाला की माझ्याकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून सगळे इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. आपल्याला हवा तो प्रश्न शोधा. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी मध्येमध्ये 'अमुक क्रमांक पाहा' असं लिहिलं आहे.

१. रीमास्टर, रीमेक, पोर्ट... यात नेमका फरक काय?

पोर्ट म्हणजे तेच सामान ट्रकमध्ये भरून दुसऱ्या घरात नेलं. रीमास्टर म्हणजे त्याच घराला नवा रंग दिला आणि वायरिंग बदललं. रीमेक म्हणजे रिडेव्हलपमेंट: जुनी इमारत पाडली आणि त्याच प्लॉटवर, त्याच नावाची नवी बांधली.

रेसिडेंट ईव्हल २ चं उदाहरण घ्या. १९९८ च्या मूळ गेममध्ये कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला असायचा, वळणापलीकडे काय आहे ते दिसायचं नाही आणि निम्मी भीती त्यातच होती. २०१९ चा रीमेक पाठीमागून, खांद्यावरून दिसतो. शहर तेच, पात्रं तीच, पण हाताला लागणारा गेम पूर्ण वेगळा. 'मला जुनाच हवा होता' असं म्हणणाऱ्यासाठी तो चुकीची खरेदी आणि 'मला नवा गेम चालेल' म्हणणाऱ्यासाठी उत्तम. कंपन्या मात्र हे शब्द मनाला येईल तसे वापरतात. त्याबद्दल क्रमांक ४.

२. एवढं वाचायला वेळ नाही. घेऊ की नको, एका ओळीत सांगा ना.

नवी आवृत्ती जुनीला जागेवर ठेवत असेल तर घ्या. जुनीला हाकलून तिच्या जागी बसत असेल तर थांबा.

ग्राफिक्स, किंमत, रिव्ह्यू हे सगळं मी त्यानंतर बघतो. डायब्लो २ रिझरेक्टेड (२०२१) मध्ये पीसीवर 'जी' हे बटण दाबलं की त्याच क्षणी, त्याच जागी जुना २००० सालचा गेम दिसतो, कारण आत तोच चालू असतो आणि नवं चित्र त्याच्यावर काढलेलं असतं. टूम रेडर १ ते ३ रीमास्टर्ड (२०२४) मध्येही तशीच सोय आहे, शिवाय नायिका लाराला जुन्या पद्धतीने चालवायचं की नव्या, तेही तुम्हीच ठरवायचं. आपण काय बदललं ते एका बटणावर उघडं करणाऱ्या माणसाला आपल्या कामाची लाज वाटत नसते, एवढा माझा साधा हिशेब आहे.

३. दादा, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासची ती ट्रिलॉजी घेऊ का? लहानपणीचं सगळं आठवतंय.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब.

जीटीए ट्रिलॉजीची (जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास एकत्र) 'डेफिनिटिव्ह एडिशन' ११ नोव्हेंबर २०२१ ला आली. मूळ गेम रॉकस्टारचे असले तरी हे काम ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या दुसऱ्या स्टुडिओने केलं होतं. ती यायच्या आधी जुने तिन्ही गेम डिजिटल दुकानांतून काढून टाकले होते, म्हणजे क्रमांक २ मधला माझा नियम पहिल्याच पायरीवर मोडला. मग लोकांनी गेम उघडला. पाऊस म्हणजे पडद्यावर पांढऱ्या रेघोट्या, त्यात समोरचा रस्ता दिसेना. पात्रांचे चेहरे फुग्यासारखे. दुकानांच्या पाट्या संगणकाकडून आपोआप मोठ्या करून घेतल्यामुळे काही पाट्यांवरची अक्षरं चुकीची. डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये एक मोठा षटकोनी नट आहे, दुकानाच्या नावातच 'नट' असल्यामुळे केलेली ती कोटी होती. नव्या आवृत्तीत त्याच्या कडा घासून तो गोल झाला. विनोद गेला, आणि गेला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते धुकं. मूळ सॅन अँड्रियासमध्ये लांबचं सगळं धुरकट दिसायचं, कारण प्लेस्टेशन २ ला तेवढंच झेपायचं. त्यामुळे लॉस सँटोसहून निघून सॅन फिएरोला पोचताना आपण खरंच लांब आलो असं वाटायचं. नव्या आवृत्तीत धुकं उडवलं आणि डोंगरावरून बघितलं तर तिन्ही शहरं एकमेकांच्या अंगणात. पावसाळ्यात सिंहगडावर ढग उतरलेले असताना गड केवढा तरी वाटतो, तसं ते होतं. ढग हटले आणि पार्किंग दिसलं.

कंपनीने साधारण आठवड्याभराने माफी मागितली आणि पीसीसाठी जुन्या आवृत्त्या परत आणल्या. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमध्ये जुन्या गेमसारखा प्रकाश देणारा पर्याय आला, त्याने धुकं आणि आकाशाचा रंग बराचसा परतला. त्यामुळे २०२१ चा माझा 'अजिबात नको' आता 'सेलमध्ये, अपडेट केलेली, आणि फक्त जुनी मिळतच नसेल तर' एवढ्यावर आला आहे. जुनी पीसी आवृत्ती तुमच्याकडे असेल तर तीच खेळा. गाण्यांसाठी क्रमांक ११.

४. डब्यावर 'डेफिनिटिव्ह एडिशन' लिहिलं आहे म्हणजे सगळं चांगलंच असणार ना?

त्या शब्दाला 'स्पेशल मिसळ' एवढाच अर्थ आहे. प्रत्येक हॉटेलात स्पेशलचा अर्थ वेगळा.

माफिया मालिका बघा. २०२० मध्ये तिन्ही भागांना एकच शब्द चिकटवला. पहिल्या भागाची डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे २००२ च्या गेमचा संपूर्ण रीमेक, नव्याने बांधलेलं शहर, नवे कलाकार. दुसऱ्याची म्हणजे साधा रीमास्टर, तोही आला तेव्हा दोषांनी भरलेला. तिसऱ्याची म्हणजे मूळ गेम आणि त्याचे जोडभाग एका पिशवीत. पहिला भाग पूर्ण किमतीलाही परवडतो असं माझं मत आहे. त्यातली ती कुप्रसिद्ध रेस, जिच्यापायी आमच्या सायबर कॅफेत माउस आपटले जायचे, आता सोप्या पातळीवर जिंकता येते. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी घाई करू नका.

तेव्हा डब्यावरचं विशेषण सोडा आणि काम कुणी केलं, कशावर केलं ते वाचा.

५. एकही चांगलं उदाहरण नाही का? सारखी नावंच ठेवताय.

आहे की. एज ऑफ एम्पायर्स २.

मूळ गेम १९९९ चा, २०१३ मध्ये एचडी आवृत्ती आली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन. चित्रं नवी काढली, पण घोडेस्वाराचा वेग, भाल्याचा मार, भिंत पडायला लागणारा वेळ या गोष्टींची लय बिघडवली नाही. मूळ गेममध्ये शेत संपलं की गावकरी हातावर हात ठेवून उभा राहायचा आणि आपण लढाईत गुंग असलो की अर्धं गाव उपाशी. आता शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. खेळाचा आत्मा कुठे आहे आणि नुसती कटकट कुठे आहे, हा फरक करणाऱ्याला कळला होता.

एप्रिल २०२२ मध्ये यात 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' हा जोडभाग आला. आधी 'इंडियन्स' या एकाच गाठोड्यात सगळा देश बांधला होता. आता हिंदुस्तानी, गुर्जर, द्रविड आणि बंगाली अशा चार संस्कृती झाल्या. राजेंद्र चोळाची मोहीमही आहे. यादव किंवा मराठे त्यात नाहीत, हे विचारून झालेलं आहे.

आणि हो, जुना चीट कोड अजून चालतो: 'हाऊ डू यू टर्न धिस ऑन'. मध्ययुगीन रणांगणात निळी मोटार येते.

याच जातीतला दुसरा म्हणजे कमांड अँड काँकर रीमास्टर्ड (२०२०). जुना गेम बनवणाऱ्यांपैकी काही जण ज्या स्टुडिओत आहेत त्यांनीच तो केला.

६. मूळ गेम मी आधीच विकत घेतला होता. पुन्हा पैसे भरायचे?

आधी तुमच्या खात्यात लॉग इन करून बघा, कदाचित नवी आवृत्ती तिथे येऊन बसलेली असेल. क्वेकची २०२१ ची नवी आवृत्ती जुन्या मालकांना फुकट मिळाली. डूम आणि डूम २ चं २०२४ चं एकत्रीकरणही तसंच. माफिया २ ज्यांच्याकडे पीसीवर होता त्यांना डेफिनिटिव्ह एडिशन फुकट. स्कायरिमची स्पेशल एडिशन २०१६ मध्ये आली तेव्हा सगळ्या जोडभागांसकट मूळ गेम असलेल्या पीसीवाल्यांना ती विनामूल्य होती. हाफ-लाइफ २ ला २०२४ मध्ये वीस वर्षं झाली तेव्हा तर अपडेटच दिलं, वेगळी वस्तू विकलीच नाही.

अट एकच, मूळ गेम डिजिटल दुकानातून घेतलेला असावा. कपाटातली सीडी बहुतेक ठिकाणी पुरावा म्हणून चालत नाही.

७. माझा लॅपटॉप साधा आहे, ग्राफिक्स कार्ड नाही. गेम जुना आहे म्हणजे चालेलच ना?

नाही! या गैरसमजापायी सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

गेमची गोष्ट जुनी, पण इंजिन आजचं. ऑब्लिव्हियन २००६ मध्ये एका डीव्हीडीत मावायचा. २०२५ चा रीमास्टर १२५ जीबी जागा मागतो आणि वर अनरिअल इंजिन ५ ची चित्रं काढायला चांगलं कार्डही. 'जुना गेम' हा शब्द विसरून त्या पानावरची किमान गरजांची यादी वाचा.

साध्या लॅपटॉपवाल्यांनी मूळ आवृत्तीच शोधावी. गॉग नावाचं दुकान जुने गेम आजच्या विंडोजवर चालतील असे तयार करून विकतं. रेसिडेंट ईव्हलचे पहिले तीन मूळ गेम तिथे २०२४ मध्ये आले. फक्त जुना गेम नव्या मशीनवर फार जोरात पळाला तरी घोटाळे होतात. सॅन अँड्रियासमध्ये फ्रेमची (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची) मर्यादा काढली की नायक सीजे पाण्यात हातपाय मारत राहतो आणि पुढे सरकतच नाही. त्याला वाटतं आपण पोहतोय. सेटिंगमध्ये 'फ्रेम लिमिटर' चालू करा, माणूस किनाऱ्याला लागतो.

८. योग्य किंमत किती? आणि कधी घ्यावा?

माझी मर्यादा: रीमास्टरला पाचशे रुपयांच्या आसपास, रीमेकला नव्या गेमइतका भाव द्यायची तयारी. पोर्टला चहा-वडापावपेक्षा थोडं जास्त. ही माझी शिस्त आहे, बाजारभाव नव्हे. तो गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवा आणि सेलची वाट बघा. वीस वर्षं थांबलात, अजून चार महिने काही बिघडत नाही.

घेतल्यावर पहिले दोन तास जपून वापरा. स्टीम या ऑनलाइन गेम दुकानात खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. या दोन तासांत सुरुवातीचे व्हिडिओ बघत बसू नका. थेट सेटिंग उघडा, कंट्रोलर जोडून बघा, पडदा पूर्ण आणि अर्धा करून बघा, मग तुम्हाला पाठ असलेल्या एका जागी जा. पाठ असलेली जागा महत्त्वाची. उडी कुठे चुकते, बंदूक किती उशिरा वाजते, हे डोक्याआधी बोटांना कळतं. प्लेस्टेशनवर मात्र डाउनलोड सुरू केला की परतावा साधारणपणे मिळत नाही, तिथे आधीच पक्का विचार करा.

९. खरं सांगतो, आम्ही सगळे गेम पायरेटेड सीडीवरच खेळलो. आता घेतलाच पाहिजे का?

आम्हीही. कराडला एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये. चार नंबरच्या पीसीला तेवढं ग्राफिक्स कार्ड, म्हणून त्याच्यासाठी रांग. आपला सेव्ह पुढच्याने पुसला की पहिल्यापासून. सॅन अँड्रियासचं ते आगगाडीवालं मिशन मी सात वेळा हरलो, आठव्यांदा जिंकलो आणि दुसऱ्या दिवशी सेव्ह गायब. तिथली एकही सीडी खरी नव्हती.

जुनं देणं फेडायचं म्हणून वाईट रीमास्टर घेऊ नका. त्याने मूळ गेम बनवणाऱ्यांपर्यंत पैसे पोचतीलच असं नाही, त्यातले बरेच जण कधीच दुसरीकडे गेलेले असतात. पण ज्या गेमवर तुमची दोन-तीन वर्षं गेली तो मूळ रूपात अजून विकला जात असेल, तर शंभर-दोनशेला घेऊन टाका. मी घेतले. काही तर परत उघडलेही नाहीत.

१०. जुना गेम नव्या टीव्हीवर एवढा भिकार का दिसतो? आठवणीत तर छान होता.

आठवण खोटी नाही, टीव्ही बदलला. जुन्या डब्बा टीव्हीवर ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि चित्रकार ते गृहीत धरूनच काढायचे. सोनिकच्या पहिल्या गेममध्ये (१९९१) धबधबा उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा आहे. त्या काळच्या वायरीतून, त्या काळच्या पडद्यावर पट्ट्या विरघळून पाणी पारदर्शक दिसायचं. आजच्या टीव्हीवर स्वच्छ पट्ट्या दिसतात, जणू कुणी पडदा टांगलाय.

चांगल्या पुनर्आवृत्तीत जुन्या पडद्यासारखं दाखवणारा फिल्टर असतो, तो लावून बघा. चित्र ओढून रुंद करू नका. मारिओ जाडा दिसतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. आणि टीव्हीत 'गेम मोड' असेल तर तो चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर उडी उशिरा येते आणि लोक रीमास्टरला शिव्या घालतात.

११. गाण्यांचं काय? रेडिओवर ते गाणं लागतच नाही.

लागणारही नाही. गेममधली गाणी बहुतेकदा ठरावीक वर्षांच्या कराराने घेतलेली असतात. करार संपला की कंपनी एकतर पुन्हा पैसे भरते किंवा गाणं काढते. व्हाइस सिटीच्या पुढच्या आवृत्त्यांतून मायकेल जॅक्सनची गाणी गेली. सॅन अँड्रियासची तर आधी विकलेली पीसी आवृत्तीसुद्धा २०१४ च्या अपडेटने छाटली, म्हणजे तुम्ही काहीही नवीन न घेता तुमचा रेडिओ बदलला. सोनिक ओरिजिन्स (२०२२) मध्ये तिसऱ्या भागाचं काही संगीत बदललं आहे, आणि तो यायच्या आधी जुने सुटे सोनिक दुकानांतून काढले होते.

मूळ डिस्क असणाऱ्यांनी ती जपून ठेवा. घेणाऱ्यांनी 'काढलेली गाणी' असं शोधून यादी बघा.

१२. मुस्तफा कुठे मिळेल? आणि काँट्रा? रोड रॅश?

मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. आर्केडवाल्याकडे एक-दोन रुपयांचं नाणं टाकून खेळलेल्या प्रत्येकाला पिवळ्या टोपीतला मुस्तफा आठवतो, गेमचं खरं नाव मात्र कुणालाच नाही. याची घरी खेळायची अधिकृत पुनर्आवृत्ती निघालेली नाही. पात्रं मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकमधली आणि नावात मोटारीचा ब्रँड, तेव्हा हक्कांचा गुंता सहज सुटणारा नाही. कॅपकॉमने २०१८ मध्ये त्या पठडीतल्या सात गेमचा संच काढला, त्यात फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, मुस्तफा नाही. 'मुस्तफा एचडी' नावाने जे दिसतं ते अधिकृत समजू नका.

काँट्राची स्थिती चांगली आहे. २०१९ च्या अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये आपला जुना कॅसेटवाला काँट्रा आहे आणि कुठेही सेव्ह करता येतो. तीस जीवांचा वर-वर-खाली-खाली कोड बोटांत अजून आहे का बघा.

रोड रॅशचा रीमास्टर नाही. त्याच्यासारखे दुसऱ्यांनी बनवलेले गेम आहेत, पण साखळीने मारण्यातली ती मजा मला त्यांत सापडली नाही.

१३. लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन '१०००० गेम इन वन' काठी मिळते, टीव्हीला लावायची. घ्यावी का?

त्यातले गेम जवळजवळ नेहमीच परवान्याविना भरलेले असतात, आणि दहा हजारांत तोच गेम पाच-पाच भाषांमध्ये मोजलेला असतो. आपल्या '९९९९९ इन वन' कॅसेटचीच ही नातवंडं. कंट्रोलरही तितकेच तकलादू.

ब्रँडवाल्यांचं छोटं मशीन घ्यायचं तरी डोळे उघडे ठेवा. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन क्लासिकमध्ये वीस गेम होते, पण त्यातल्या काहींच्या युरोपी आवृत्त्या भरल्या होत्या. त्या सेकंदाला साठऐवजी पन्नास चित्रांच्या हिशेबाने चालतात. टेकन ३ त्यातलाच. हात साठच्या लयीचे असतील तर मार झोपेत दिल्यासारखा वाटतो. ते मशीन काही महिन्यांतच पडेल भावात विकलं गेलं.

१४. मग इम्युलेटरच बरा नाही का? तो बेकायदा आहे का?

इम्युलेटर हे जुन्या मशीनची नक्कल करणारं नुसतं सॉफ्टवेअर आहे, कंपन्या स्वतःही आपल्या संचांमध्ये तेच वापरतात. क्रमांक १३ मधल्या प्लेस्टेशन क्लासिकमध्येही एक मुक्त स्रोत इम्युलेटरच होता. प्रश्न गेमच्या फाइलचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कायदेशीरपणे ज्याच्याकडे प्रोग्राम आहे त्याला तो हरवू-बिघडू नये म्हणून बॅकअप प्रत काढायची मुभा आहे. कुठल्याशा साइटवरून दुसऱ्याची फाइल उतरवणं त्यात बसत नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नव्हते. विकतच नाहीत तर घ्यायचं कुठून, या प्रश्नावर कंपन्यांकडेही धड उत्तर नाही.

१५. विकत घेतला की कायमचा माझा ना?

बहुतेक ठिकाणी तुम्ही परवाना घेता, वस्तू नाही. द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे भरलेल्यांनाही तो खेळता येईना, कारण तो एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागायचा. गॉगवरचे गेम मात्र इन्स्टॉलर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतात, मग दुकान असो-नसो.

डबा घेतला म्हणूनही निश्चिंत होऊ नका. मी एका जुन्या मालिकेचा संच सीलबंद डब्यात मागवला. उघडला तर डिस्क नाही, कोड छापलेला एक कागद. डबा अजून शेल्फवर आहे, भाचा विचारतो यात काय आहे.

१६. मी नवी आवृत्ती घेतलीच नाही तर माझा जुना गेम सुरक्षित आहे ना?

बहुतेकदा हो. अपवाद मोठा आहे: वॉरक्राफ्ट ३.

२००२ चा हा गेम. लोकांनी त्यात स्वतःचे नकाशे बनवले आणि डोटा हा गाजलेला गेम त्यातूनच जन्मला. २८ जानेवारी २०२० ला त्याची नवी आवृत्ती 'रीफोर्ज्ड' आली. जाहिरातीत दाखवलेली नव्याने दिग्दर्शित केलेली दृश्यं गेममध्ये नव्हती, जुन्या ऑनलाइन सोयी गायब होत्या, आणि ज्यांनी ती घेतलीच नव्हती त्यांनाही ऑनलाइन खेळायला तेच नवं, कित्येक जीबींचं सॉफ्टवेअर उतरवावं लागलं. शेजाऱ्याने घर पाडलं आणि आपली भिंत गेली, असला प्रकार. कंपनीला पैसे परत द्यावे लागले. पुढे २०२४ च्या अपडेटमध्ये सुधारणा झाल्या, पण मधली चार वर्षं गेली ती गेली.

यावर उपाय म्हणजे जमेल तिथे आपोआप अपडेट बंद ठेवणं, किंवा क्रमांक १५ मधला पेनड्राइव्ह.

१७. वाईट निघालेला रीमास्टर नंतर सुधारतो का?

कधीकधी. हेलो मास्टर चीफ कलेक्शन २०१४ मध्ये आला तेव्हा ऑनलाइन जोडीदारच सापडत नव्हते. २०१८ पासून त्यावर पुन्हा मेहनत घेतली गेली आणि आज तो मी बिनधास्त सुचवतो. उलट सायलेंट हिल एचडी कलेक्शन (२०१२) पाहा. मूळ गेमचा अंतिम सोर्स कोड जपूनच ठेवला नव्हता, त्यामुळे अर्धवट कोडवर काम करावं लागलं. ज्या गेममध्ये धुकं हेच मुख्य पात्र, तिथलं धुकंच विरळ झालं. असं मुळात सामान हरवलेलं असेल तर अपडेट काय करणार.

जिथे कंपनी थकते तिथे चाहते उतरतात. रेसिडेंट ईव्हल ४ च्या पीसी आवृत्तीची चित्रं सुधारायला काही चाहत्यांनी आठएक वर्षं घालवली. मूळ कलाकारांनी ज्या खऱ्या भिंतींचे, दगडांचे फोटो वापरले होते त्या जागा शोधून, तिथे जाऊन पुन्हा फोटो काढले. २०२२ मध्ये काम पूर्ण झालं, किंमत शून्य. क्रमांक ३ मधला घासलेला नट आठवा आणि तुलना करा.

१८. प्रिन्स ऑफ पर्शियाचा रीमेक आपल्या पुण्यात बनत होता म्हणे. प्री-ऑर्डर करू का असल्या गेमची?

बनत होता, खरं आहे. 'सँड्स ऑफ टाइम' (२००३) चा रीमेक युबिसॉफ्टने सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला आणि काम पुणे-मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. तारीख दिली होती २१ जानेवारी २०२१. ट्रेलर बघून लोकांनी नाकं मुरडली, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि मे २०२२ मध्ये काम मूळ गेम जिथे बनला त्या माँट्रियलला हलवलं. पुण्यातल्या पोरांना जेवढ्या शिव्या पडल्या तेवढ्याला ते पात्र होते असं मला वाटत नाही. मिळालेला वेळ आणि मिळालेली अपेक्षा यांचा मेळच नव्हता.

प्री-ऑर्डर मात्र करू नका. डिजिटल गेम दुकानात संपत नाही.

१९. नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड घेतला, पण त्यात ती निळी-चंदेरी बीएमडब्ल्यूची गोष्टच नाही. फसवलं का?

तुम्ही २०१२ चा घेतलात. तुमच्या डोक्यात आहे तो २००५ चा. नाव तेच, गेम वेगळा, एकाचा दुसऱ्याशी रीमास्टरचा संबंध नाही. क्रमांक ८ मधले दोन तास संपले नसतील तर लगेच परत करा.

२०. जुने मॉड आणि जुना सेव्ह नव्या आवृत्तीत चालेल का?

मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमला केलेले बदल, बहुतेकदा नाही. स्कायरिमची स्पेशल एडिशन आली तेव्हा इंजिन ३२ बिटवरून ६४ वर गेलं आणि कित्येक मॉड पुन्हा बांधावे लागले. पन्नास मॉड लावून सजवलेला जुना गेम असेल तर त्याला हात लावू नका, नवा वेगळ्या फोल्डरमध्ये टाका.

सेव्ह प्रत्येक गेमगणिक वेगळा. डायब्लो २ रिझरेक्टेड जुन्या गेमचे ऑफलाइन सेव्ह उघडतो, तुमचा २००३ चा नेक्रोमॅन्सर हाडांसकट उभा राहतो. फाइल आधी कॉपी करून घ्या. कराडच्या चार नंबरच्या पीसीवर सेव्ह असेल तर माझाही बघा, आगगाडीच्या पुढचा आहे.